पाकट माशाचा गोल हौद

माझ्याकडे पाहून आजवर कोणी 'वा' म्हटलेले नाही, आणि त्यात कोणाची चूकही नाही. मी एक जुना हौद आहे, मित्रांनो. फायबरचा, गोल, आतून निळा आणि बाहेरून कधीकाळी पांढरा असलेला. माझी उंची मोठ्या माणसाच्या मांडीपर्यंत येते. रुंदी मात्र एवढी, की एखादा उंच माणूस माझ्यात पाय न दुमडता झोपू शकेल. तरीही घरी आलेली माणसे माझ्या काठावर हात टेकून वाकतात आणि बराच वेळ वाकलेलीच राहतात. ती मला पाहत नसतात. माझ्या तळाशी वाळूत जे राहते, ते कुठे आहे हे शोधत असतात. तिथे एक पाकट राहते.

पाकट हा समुद्रातला मासा, पण चारचौघा माशांसारखा दिसत नाही. थाळीला शेपूट फुटावी तसे त्याचे रूप. डोळे पाठीवर आणि तोंड पोटाकडे, त्यामुळे आपल्या तोंडात काय जाते आहे हे त्याला कधीच दिसत नाही. शेपटीवर एक विषारी काटा असतो. पाकट आपणहून कोणाच्या वाटेला जात नाही, पण चुकून पाय पडला किंवा कोणी मुद्दाम हात लावला, तर चांगला धडधाकट माणूसही कळवळतो. आमचे पाकट निळ्या ठिपक्यांचे आहे. ती मादी आहे, आणि घरातल्या मुलीने तिचे नाव चकती ठेवले आहे. मीही तेच वापरतो.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. तिथे एक लाकडी साचा पालथा घातलेला असे. त्यावर आधी निळा रंग, मग काचेच्या धाग्यांचे कापड, मग चिकट राळ, पुन्हा कापड, पुन्हा राळ, असे थर चढत गेले. मला घडवणारा कारागीर प्रत्येक थरावरून हातरूळ फिरवून हवेचे बुडबुडे बाहेर काढायचा. "आत हवा राहिली की हौद म्हातारपणी रडतो," असे तो सोबत्यांना सांगे. मी अजून रडलेलो नाही. त्याचे हात कुठे असतील तिथे सुखात असोत.

पहिली काही वर्षे मी फुलांच्या गोदामात काढली. पहाटे गाड्या येत, दांडीसकट कापलेली फुले माझ्यातल्या पाण्यात उभी राहत आणि उन्हे वर येईपर्यंत दुकानांत निघून जात. पुढे मालकाने थंड हवेची खोली बांधली. फुलांना हौदाची गरज उरली नाही आणि मला अंगणात पालथे घालण्यात आले. पालथ्या हौदाचा उपयोग एकच, त्यावर चढून भिंतीपलीकडे डोकावणे. शेजारची मुले तो करत. त्यांच्या टाचांच्या खुणा माझ्या बुडावर अजून आहेत.

तिथून मला एका दंतवैद्यांनी घरी नेले. त्यांना सगळे 'डॉक्टर'च म्हणत, म्हणून मीही तसेच म्हणतो. पुढच्या बाजूला दवाखाना, मागे घर आणि घरामागे बेसिन असलेली शेड, असा त्यांचा संसार होता. मी दारातून आडवा मावेना, तेव्हा मला उभे करून चाकासारखे गडगडवत शेडमध्ये आणले. डॉक्टरांची पत्नी, म्हणजे मुलीची आई, शिवणाचे वर्ग चालवी. तिने मला साध्या पाण्याने इतक्यांदा धुतले की मला वाटले, आता रंग जातो. साबण मात्र तिने लावला नाही. साबणाचा अंशही माशांना बाधतो, हे तिने आधीच विचारून घेतले होते.

माझे काम होते मीठपाणी तयार करण्याचे. घरातल्या हॉलमध्ये खाऱ्या पाण्याची एक काचेची टाकी होती. उंच, अरुंद, काळ्या कपाटावर बसवलेली. संध्याकाळी तिच्यात दिवा लागला की भिंत निळी होऊन जाई. पाहुणे सोफ्यावर बसून तिचे कौतुक करत, आणि शेडच्या उघड्या दारातून ते मला ऐकू येई. तिचे पाणी थोडे थोडे बदलावे लागे. त्यासाठी माझ्यात साधे पाणी भरायचे, समुद्री मीठ घालायचे, पंप लावून दिवसभर घुसळायचे आणि मग बादल्या भरभरून हॉलमध्ये न्यायचे. थोडक्यात, टाकीचा थाट माझ्या जिवावर होता. पण स्वयंपाकघर कोणी पाहुण्यांना दाखवत नाही.

एके दिवशी डॉक्टरांनी माशांच्या दुकानात ते निळ्या ठिपक्यांचे पाकट पाहिले आणि ते हरखून गेले. दुकानदार त्यांना काय म्हणाला, हे त्यांनी घरी आल्यावर हसत हसत सांगितले.

"म्हणतो, डॉक्टर, तुमच्या टाकीला उंची आहे, तळ नाही. हे जनावर तळावर जगतं."

"मग तुम्ही काय म्हणालात?" आईने विचारले.

"म्हटलं, पाणी तर भरपूर मावतं की. तर म्हणतो, दहा मजली इमारतीच्या जिन्यात घोडा ठेवाल का? जागा तर तिथेही भरपूर असते."

"खरंच आहे त्याचं."

"अगं, त्याला विकायचं नसेल."

"ज्याला विकायचं असतं तो 'घ्या घ्या' म्हणतो. हा 'नको' म्हणतोय, तर ऐकावं माणसानं."

डॉक्टरांनी ऐकले नाही. पण ते निष्काळजीही नव्हते. टाकीतली टोकदार खडी काढून त्यांनी मऊ बारीक वाळू घातली, कारण पाकट पोटावर पडून राहते आणि वाळू अंगावर ओढून घेते. पाणी गरम ठेवणाऱ्या कांडीभोवती जाळीची नळी बसवली, नाहीतर तिला चिकटून बसलेल्या पाकटाचे पोट भाजते. आधीचे चिमुकले मासे त्यांनी दुकानदाराकडे पोचवले, कारण पाकटाच्या दृष्टीने ते शेजारी नसून खाऊ असतात. आईचा भाऊ, म्हणजे मामा, पंपांची दुरुस्ती करत असे. त्याने एकेक तार तपासून दिली. पाण्यात विजेची बारीकशी गळती असली, तरी आपल्याला जे समजत नाही ते पाकटाच्या अंगाला समजते.

मग चकती आली. सुरुवातीला ती काही खाईना. मुलगी शाळेतून आली की लांब चिमट्यात कोळंबी धरून टाकीवरच्या फटीतून आत सोडी आणि श्वास रोखून उभी राही. बऱ्याच दिवसांनी चकती त्या कोळंबीवर जाऊन बसली. पाकट असेच जेवते. खाऊवर अंग टाकते आणि झाकल्या झाकल्या खाते. त्या दिवशी मुलगी शेडमध्ये धावत येऊन आईला म्हणाली, "आई, ती बसली!" आईला आधी वाटले की सोफ्यावर कोणी पाहुणी येऊन बसली.

पावसाळा आणि थंडी बरी गेली. उन्हाळा लागला, हॉलमधला पंखा दिवसभर फिरू लागला आणि टाकीतले पाणी भराभर उतरू लागले. घरात सगळेच कामसू. पाणी कमी दिसले की ज्याच्या त्याच्या हाताला माझ्यातली बादली लागे. काय घडते आहे, ते तेव्हा मलाही उमजत नव्हते. मी आपला रिकामा होई, पुन्हा भरला जाई, पुन्हा माझ्यात मीठ पडे.

त्याच सुमारास टाकीच्या काठावर आणि झाकणाखाली एक पांढरा, कडक थर धरू लागला. डॉक्टरांना तो पाहून जणू आनंदच झाला. दातांवरचे कीटण काढणे हा त्यांचा रोजचा धंदा. त्यांनी दवाखान्यातले जुने, वाकड्या टोकाचे हत्यार आणले आणि रोज सकाळी तो थर इतक्या सफाईने खरवडू लागले, की टाकीला बोलता आले असते तर ती 'आ' करून बसली असती. खरवडलेला चुरा ते एका पेल्यात गोळा करत आणि शेडमधल्या बेसिनमध्ये धुऊन टाकत. "एकेक कोपरा लख्ख केला बघ," असे मला ओलांडून जाताना ते म्हणत. तो चुरा त्यांना काही सांगत होता. पण ते त्याला रोज वाहत्या पाण्यात सोडत होते.

चकतीचे खाणे कमी झाले. मग थांबले. ती वाळू अंगावर घेईना. टाकीत वळायला गेली की नाक काचेवर घासे आणि तिथे लाल चट्टा पडला होता. एके दिवशी मुलीने सांगितले की तिच्या अंगाच्या कडा ताटाच्या काठासारख्या वर वळल्या आहेत. पाकटाच्या कडा अशा वर वळलेल्या राहिल्या की समजावे, ते फार त्रासात आहे. बऱ्याचदा त्यानंतर ते फार दिवस काढत नाही.

डॉक्टरांनी पाणी तपासले. घाणीची तपासणी ठीक आली. खारेपणा मोजायला त्यांच्याकडे एक चपटी डबी होती, तिच्यात पाणी घेतले की आतली सुई वर उचलली जाते. जितके मीठ जास्त, तितकी सुई वर. सुईने मीठ थोडे कमीच दाखवले. म्हणून डॉक्टरांनी माझ्यात नेहमीपेक्षा जास्त मीठ घातले आणि टाकीचे पाणी बदलले. चकती आणखी मलूल झाली.

"परत देऊ या तिला," आई म्हणाली. "आपल्या डोळ्यांदेखत मरायला नको."

मुलगी शेडमध्ये आली. ती माझ्या काठावर येऊन बसली आणि पंपाने फिरणाऱ्या पाण्याकडे पाहत राहिली. मीठपाण्याच्या हौदात आणखी दोन थेंब पडले, तर हौदाला ते कळत नाही असे लोकांना वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर पेला घेऊन बेसिनपाशी आले. आई माझ्यात मीठ घालत होती, शेजारी मुलगी उभी होती.

"आजही निघालं?" तिने विचारले.

"निघालं ना. रोज खरवडलं नाही की थर चढतो. पेशंटला हेच सांगून सांगून घसा बसला माझा."

"पेशंटच्या दातांवर कुठून येतं हो ते?"

"लाळेतनं. लाळेत क्षार असतात, ते दातावर बसतात आणि..."

डॉक्टर थांबले. पेला त्यांच्या हातातच राहिला.

"आणि काय?" आई म्हणाली.

डॉक्टरांनी पेल्यात बोट घातले आणि चुरा जिभेला लावला. मुलगी तोंड वाकडे करून म्हणाली, "ई, बाबा."

"मीठ आहे," डॉक्टर म्हणाले. "नुसतं मीठ. पाणी उडून जातं, मीठ इथेच राहतं. म्हणजे उडालेलं पाणी भरायचं, तर साधं पाणी घालायला हवं. आणि मी रोज सकाळी ह्यातलं मीठपाणी ओततोय."

आईच्या हातातले माप अर्ध्यावर थांबले. "सकाळी तुम्ही घालता?"

"हो. का?"

"दुपारी मी घालते. वर्ग सुटला की."

दोघांनी मुलीकडे पाहिले. ती हळूच म्हणाली, "मी शाळेतून आल्यावर. मला वाटलं, तुम्ही दोघं विसरता."

आई मटकन माझ्या काठावर बसली. "धन्य आहे. तिघांनी मिळून सेवा केली."

डॉक्टरांनी ती मोजायची डबी उजेडात धरली. सुईवरसुद्धा तोच पांढरा थर होता. थराने सुई जड झाली होती आणि जड सुई वर उचलेना, म्हणून मीठ कमी दाखवत होती. डॉक्टरांनी सगळे कोपरे लख्ख केले होते, एवढा एक सोडून.

बाटलीत टाकीचे पाणी घेऊन ते दुकानात गेले, आणि परतले ते दुकानदाराला बरोबर घेऊनच. दुकानदाराने आपल्या चांगल्या यंत्राच्या काचेवर तिथेच थेंब टाकून पाहिला होता. तो आधी टाकीपाशी गेला, चकतीकडे बराच वेळ पाहिले, मग शेडमध्ये आला.

"डॉक्टर, हा समुद्र नाही, मिठागर झालंय. आणि तुम्ही पाणी बदलत बसलात त्याच मिठानं. दुखणं म्हशीला आणि औषध पखालीला."

"आता भराभर साधं पाणी ओततो," डॉक्टर म्हणाले.

"ओता, आणि संध्याकाळी तिला उचला. अहो, खारेपणा चढला तो हळूहळू. उतरवायचाही हळूहळूच. एकदम उतरवला तर तो धक्का तिला सोसायचा नाही."

"मग जगेल ती?"

"ते मी सांगितलं तर मी खोटा पडेन." त्याने माझ्या काठावर हात ठेवला, एका बाजूकडून दुसऱ्या बाजूपर्यंत नजर फिरवली आणि विचारले, "हा हौद कोणाचा?"

"मीठ कालवायचा आहे तो," आई म्हणाली.

"ह्याला कोपरा नाही. हिचं नाक कोपऱ्यांनी सोललंय. हिला वळायला जागा इथे आहे. तुम्ही आजवर मिठाला बंगला दिलात आणि हिला खुराड्यात ठेवलंत."

मित्रांनो, मी फुगलो नाही. फायबर फुगले तर तडकते. पण एवढे खरे, की इतक्या वर्षांत कोणी माझ्या रुंदीला गुण म्हटले ते त्या दिवशी पहिल्यांदा.

मामाला बोलावणे गेले. मला रिकामे करून माझ्यात टाकीचेच पाणी आणि वाळू भरली, म्हणजे चकतीला बदल जाणवू नये. कमी पडले तिथे तितकेच खारट पाणी मोजून मिळवले. टाकीची मोठी गाळणी मामाने उचलली आणि तो बेसिनकडे निघाला.

"किती घाण साचलीय. लख्ख धुऊन देतो."

"मामा, नको!" मुलगी आडवी आली. "त्या स्पंजात जिवाणू राहतात. तेच चकतीची घाण खातात. नळाच्या पाण्यानं मरतील."

"बघा, आता घाणीलाही जपायचं," मामा म्हणाला, पण गाळणी त्याने तशीच ओली माझ्यावर आणून बसवली.

चकतीला हलवायला मामाने जाळे आणले होते. दुकानदाराने ते त्याच्या हातातून काढून घेतले. पाकटाचा काटा जाळ्यात गुंतला की काट्याचीही मोडतोड होते आणि सोडवणाऱ्याचीही खोड मोडते. त्याऐवजी एक पसरट टब टाकीच्या पाण्यात बुडवायचा, एका फळीने चकतीला त्यात हळूहळू वळवायचे आणि पाण्यासकट उचलायचे असे ठरले. मुलीला दारापाशी उभे केले. लहान मुलांनी ह्या कामाच्या जवळ जायचे नाही, हे तुम्हीही लक्षात ठेवा. मोठ्यांनीसुद्धा माहीतगार माणूस जवळ असल्याशिवाय जायचे नाही.

"डॉक्टर, तुम्ही दात काढता. माझा हात नका काढू म्हणजे झालं," टब धरलेला मामा म्हणाला.

"बोलू नका, टब हलतोय," डॉक्टर म्हणाले.

"टब नाही, मी हलतोय."

टब माझ्यात उतरवला आणि तिरपा केला. चकती घरंगळल्यासारखी माझ्या तळावर आली. मित्रांनो, फुलांच्या दांड्यांचे वजन मला ठाऊक होते, पाण्याचेही ठाऊक होते. जिवंत प्राण्याचे वजन तेव्हा कळले. ते फारच थोडे होते. तिच्या कडा अजून वर वळलेल्या होत्या आणि डोळ्यांमागच्या छिद्रांतून ती भराभर पाणी आत ओढत होती.

पुढचे दिवस नुसते वाट पाहण्याचे होते. डॉक्टर सकाळ-संध्याकाळ माझ्यातले थोडे पाणी काढत आणि तेवढेच साधे पाणी बारीक नळीने थेंब थेंब सोडत. मोजायची डबी प्रत्येक वेळी धुऊन घेत, आणि तरीही दुकानदाराकडून खात्री करून आणत. माझ्या काठाला दोरीने एक पाटी टांगली होती. तिच्यावर आईने लिहिले होते, 'पाणी फक्त बाबा घालतील.' मुलगी कोळंबी आणून ठेवी आणि तासाभराने तशीच उचलून टाकून देई. न खाल्लेला खाऊ पाण्यात सडू द्यायचा नाही, म्हणून. एकदा कोळंबी उचलताना ती आईला म्हणाली, "ती मेली तर मला शाळेत फोन करू नकोस. घरी आल्यावर सांग."

आई म्हणाली, "बरं." एवढेच.

वाट पाहता पाहता एका सकाळी चकतीने कडा हलवल्या. मला वाटले, पंपाच्या प्रवाहाने हलल्या असतील. पण त्या पुन्हा हलल्या, जोरात, पंख फडफडवावेत तशा, आणि वाळूचा एक ढग उठून तिच्या पाठीवर बसला. मुलगी आली तेव्हा तिला माझा तळ रिकामा दिसला आणि तिचा चेहरा उतरला. मग वाळूत दोन डोळे दिसले. चिमट्यात कोळंबी धरून तिने त्या डोळ्यांपुढे सोडली आणि दोन्ही हात काठावर ठेवले.

चकती वाळूतून उठली आणि कोळंबीवर बसली. वरून पाहणाऱ्याला एवढेच दिसते. ती खाते आहे की नुसती बसली आहे, हे सांगता येत नाही. पण पाकटाचे तोंड तळाकडे असते, आणि तळ मी आहे. कोळंबीचे कवच कडकन फुटले, ते घरात सर्वांच्या आधी मला कळले. बाकीच्यांना, ती बाजूला झाली आणि खाली नुसती शेपूट उरली, तेव्हा कळले.

"अहो," आईने दवाखान्याच्या दाराकडे पाहून हाक मारली, "या जरा. तोंड उघडून बसलेल्यांना दोन मिनिटं तसंच राहू द्या."

चकती सावरली, पण शेड हे तिचे घर नव्हे. तिथे उन्हाचा तडाखा फार. म्हणून मला हॉलमध्ये न्यायचे ठरले आणि घरात पहिल्यांदा खरा वाद झाला. काचेची टाकी शोभेची होती. मी कसा आहे ते तुम्हाला सांगितलेच आहे.

"सोफा काढावा लागेल," आई म्हणाली. "पाहुणे बसतील कुठे?"

"खुर्च्यांवर."

"आणि बघतील काय? ह्याला काच नाही. बाहेरून नुसता कढईसारखा दिसतो."

डॉक्टरांनी माझ्यावर वाकून चकतीकडे पाहिले. मग म्हणाले, "टाकी मी आपल्याला बघायला सोयीची घेतली होती. हा हौद तिला राहायला सोयीचा आहे. ज्याला बघायचंय तो वाकेल."

सोफा गेला. काचेची टाकी दवाखान्यात गेली आणि हल्ली तिच्यात नव्या छोट्या माशांना सांभाळतात. त्या कामाला ती उत्तम आहे, तिला नावे ठेवू नका. दोष टाकीचा नव्हता. आईने माझ्या मापाची जाळीची चादर शिवली, चकतीने उसळी मारली तर बाहेर पडू नये म्हणून. आता उडालेल्या पाण्याच्या जागी साधे पाणी घालतात, आणि एकच माणूस घालतो. मामा येतो तेव्हा गाळणीकडे बघून हात मागे बांधतो.

सगळे गोड झाले, असे मात्र मी सांगणार नाही. चकती वाढते आहे. ती माझ्या एका काठाकडून निघते आणि समोरच्या काठाशी पूर्वीपेक्षा लवकर पोचते. मी रुंद आहे, पण समुद्र नाही. एक दिवस मीही तिला अपुरा पडेन. डॉक्टरांनी ते ओळखून एका मोठ्या मत्स्यालयाशी बोलून ठेवले आहे. तिथे पोहायला पुष्कळ जागा आहे आणि तिच्या जातीची आणखी पाकटे आहेत. मुलगी आधी दोन दिवस रुसली, मग म्हणाली, "जाऊ दे तिला. पण टबमधून न्यायचं, जाळ्यातून नाही."

मागच्या महिन्यात दाताच्या टोपीचे माप द्यायला आलेले एक गृहस्थ आत डोकावले. माझ्यावर वाकून चकतीला पाहत राहिले, आणि सरळ झाल्यावर म्हणाले, "आमच्या चिरंजिवांसाठी असंच एक घ्यावं म्हणतो. कुठे मिळतं?"

डॉक्टर काही सांगणार, तेवढ्यात मुलगी म्हणाली, "काका, आधी एक करा. ह्या हौदाएवढा गोल तुमच्या हॉलमध्ये खडूनं काढा. महिनाभर त्या गोलात पाय ठेवायचा नाही. खुर्ची नाही, दप्तर नाही, काही नाही. महिना झाला की मी दुकान सांगते."

गृहस्थ हसले. तिने खरोखरच सुतळीने माझे माप घेऊन त्यांच्या हातात दिले, तेव्हा त्यांना ते खिशात घालावे लागले.

टोपी बसवायला ते पुन्हा आले, तेव्हा मुलीने विचारले, "गोल काढलात?"

"काढला की. पहिल्या दिवशी चिरंजीव त्यात उभे राहून चेंडू खेळले. दुसऱ्या दिवशी आमच्या सौंनी त्यात कपड्यांचा ढीग टाकला. तिसऱ्या दिवशी मीच घाईत त्यावरून गेलो आणि पुसला गेला." ते माझ्यावर वाकले. वाळूतल्या दोन डोळ्यांकडे पाहत म्हणाले, "बरं झालं बाई, खडूचाच होता."

मित्रांनो, तुमच्या मनात कोणताही मुका जीव घरी आणायचे आले, की त्याच्यासाठी आधी जमिनीवर खडूने एक गोल काढा. तो आज आहे तेवढा नव्हे, मोठा झाल्यावर होईल तेवढा. गोल महिनाभर टिकला तर जाणत्या माणसाकडे जा आणि तो 'नको' म्हणाला, तर का म्हणतो ते नीट ऐका. आणि टिकला नाही तर ओल्या फडक्याने पुसून टाका. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. खडू पुसता येतो.